इनसायडरांची खरेदी आणि शेअरचा पुढचा परतावा : प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२५

प्रकल्पाचा प्रश्न आज लेखी स्वरूपात ठरवला. कंपनीचे संचालक आणि वरिष्ठ अधिकारी, म्हणजेच बाजाराच्या भाषेत इनसायडर, स्वतःच्या पैशाने आपल्याच कंपनीचे शेअर घेतात तेव्हा पुढे त्या शेअरचा परतावा बाजारापेक्षा सरस ठरतो का, हा प्रश्न वरवर एकच वाटतो. प्रत्यक्षात त्यात दोन प्रश्न आहेत. खरेदी करणाऱ्या इनसायडरला फायदा होतो का, हा पहिला. आणि ती खरेदी जाहीर झाल्यावर बातमी वाचून शेअर घेणाऱ्या त्रयस्थाला फायदा होतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवण्याची सवय या विषयावरच्या लिखाणात फार आढळते. हा प्रकल्प दुसऱ्या प्रश्नापुरता आहे, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच निकषावर तपासायचा आहे.

अभ्यासासाठी अमेरिकी बाजार निवडला, कारण तिथला कायदा जुना आहे आणि नोंदी सर्वांना मोफत उपलब्ध आहेत. १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज ॲक्टच्या कलम १६ नुसार संचालक, अधिकारी आणि दहा टक्क्यांहून अधिक शेअर बाळगणारे भागधारक यांना आपले व्यवहार जाहीर करावे लागतात. या कलमामागे १९२९ च्या पडझडीनंतर उघडकीस आलेले प्रकार होते. चेस नॅशनल बँकेचे प्रमुख आल्बर्ट विगिन यांनी त्या काळात आपल्याच बँकेचे शेअर शॉर्ट करून (म्हणजे उसने घेऊन विकून आणि भाव पडल्यावर स्वस्तात परत घेऊन) चाळीस लाख डॉलरहून अधिक नफा कमावल्याचे सिनेटच्या चौकशीत बाहेर आले होते. म्हणूनच या कलमात जाहीर करण्याच्या बंधनाबरोबर आणखी दोन तरतुदी आहेत: इनसायडरने सहा महिन्यांच्या आत केलेल्या उलटसुलट व्यवहारातला नफा कंपनीला परत द्यावा लागतो, आणि त्याला आपल्या कंपनीचा शेअर शॉर्ट करता येत नाही.

यातली सहा महिन्यांची अट आमच्या कामाची आहे. खुल्या बाजारात शेअर घेणारा इनसायडर ते किमान सहा महिने फायद्यात विकू शकत नसल्यामुळे, चार दिवसांत येणाऱ्या एखाद्या बातमीवर झटपट कमाई करण्यासाठी ही खरेदी सहसा नसते. परतावा मोजण्याचा मुख्य कालावधी त्यामुळे सहा महिने ठेवला. एक महिना आणि बारा महिने हे जोडीला.

१६ जानेवारी २०२५

अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने फॉर्म ३, ४ आणि ५ मधील माहिती तिमाहीनुसार कोष्टकांच्या रूपात दिलेली आहे आणि ती २००६ पासून मिळते. फॉर्म ३ म्हणजे इनसायडर झाल्यावरची पहिली नोंद, फॉर्म ४ म्हणजे व्यवहार, आणि फॉर्म ५ म्हणजे वर्षअखेरीस द्यायची उरलीसुरली माहिती. आमचे काम मुख्यतः फॉर्म ४ वर चालेल. व्यवहार, धारण केलेले शेअर, नोंदकर्ता आणि तळटीपा यांची कोष्टके वेगवेगळी आहेत, ती फायलिंगच्या क्रमांकाने जोडावी लागतात. तळटीपांचे कोष्टक अनेक जण उतरवूनही घेत नाहीत. ते का घ्यावे, हे पुढच्या टप्प्यात स्पष्ट होईल.

२४ जानेवारी २०२५

या आठवड्याचा बहुतेक वेळ व्यवहारांच्या सांकेतिक अक्षरांवर गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी मानतो. फॉर्म ४ मध्ये इनसायडरकडे शेअर ‘आले’ अशी नोंद असली म्हणजे त्याने ते विकत घेतले असे होत नाही. ‘ए’ अक्षर म्हणजे कंपनीने मोबदल्याचा भाग म्हणून दिलेले शेअर. ‘एम’ म्हणजे पर्याय (ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) वापरून किंवा तत्सम हक्कातून मिळालेले शेअर. ‘जी’ म्हणजे भेट. ‘एफ’ म्हणजे कर किंवा किंमत भागवण्यासाठी कंपनीने कापून घेतलेले शेअर. ही नोंद विक्रीसारखी दिसते, पण तिच्यामागे विकण्याचा कोणताही निर्णय नसतो. स्वतःच्या खिशातून पैसे काढून केलेली खरेदी फक्त ‘पी’ या अक्षराखाली येते. बाकी सारे काढून टाकल्यावर जे उरते ते मूळ ढिगाच्या मानाने फारच थोडे असते. ‘इनसायडरांनी इतके शेअर घेतले’ असे सांगणारी कोणतीही आकडेवारी वाचताना ही चाळणी लावली होती का, हे आधी विचारले पाहिजे.

त्यातही ‘पी’ अक्षर बाजारातल्या खरेदीपुरते मर्यादित नाही. खासगीरीत्या झालेली खरेदीही त्याच अक्षराखाली नोंदली जाते. एखादा गुंतवणूक निधी कंपनीला नवे भांडवल पुरवतो आणि त्याचा प्रतिनिधी संचालक मंडळावर असतो, तेव्हा तो व्यवहारही ‘पी’ म्हणूनच दिसतो. कंपनी प्रथमच बाजारात येताना अधिकाऱ्यांनी इश्यूच्या किमतीला घेतलेले शेअरही तसेच. सभासदांच्या मालकीच्या बचत बँका भागभांडवली कंपनीत रूपांतरित होतात, तेव्हा त्यांचे सगळे संचालक एकाच दिवशी, बहुधा दहा डॉलरच्या ठरलेल्या भावाने, शेअर घेतात. डेटामध्ये हे चित्र असे दिसते की जणू अख्ख्या मंडळाला एकाच वेळी कंपनीच्या भवितव्याविषयी साक्षात्कार झाला. प्रत्यक्षात हा ठरावीक विधी आहे.

म्हणून असे ठरवले की त्या दिवशीच्या बाजारातील उच्चतम आणि नीचतम भावाच्या बाहेर पडणाऱ्या किमतीची खरेदी वगळायची, शेअर नोंदला गेल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस वगळायचे, आणि जे नोंदकर्ते केवळ दहा टक्क्यांवरील भागधारक आहेत, संचालक वा अधिकारी नाहीत, त्यांना वेगळ्या गटात ठेवायचे. या शेवटच्या गटाची खरेदी ताबा मिळवण्यासाठी, मंडळावर दबाव आणण्यासाठी किंवा निधीच्या धोरणानुसार होते. कंपनीच्या आत रोज बसणाऱ्या माणसाच्या खरेदीपेक्षा तिचा अर्थ निराळा असतो.

२९ जानेवारी २०२५

दुबार नोंदींचा बंदोबस्त केला. निधी, त्याची व्यवस्थापन कंपनी आणि तिचे भागीदार एकाच व्यवहाराची नोंद आपापल्या नावाने करतात, त्यामुळे एक खरेदी तीन-चार वेळा मोजली जाते. दुरुस्ती अर्ज मूळ अर्जाची जागा घेतात की त्यात भर घालतात, हेही तपासावे लागते. एका दिवसात अनेक भावांनी झालेली खरेदी सरासरी किमतीने एकत्र लिहिलेली असते आणि खरा पल्ला तळटीपेत असतो. ती खरेदी खासगी होती की बाजारातली, हेही अनेकदा तिथेच कळते.

१० फेब्रुवारी २०२५

परतावा कोणत्या तारखेपासून मोजायचा? या एका निर्णयावर प्रकल्पाचा निष्कर्ष जवळजवळ संपूर्ण अवलंबून आहे, म्हणून त्याची कारणे सविस्तर लिहून ठेवतो.

जेंग, मेट्रिक आणि झेकहाउझर यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात वारंवार उद्धृत होतो. त्यांनी १९७५ ते १९९६ या काळातील व्यवहार घेऊन, इनसायडरांनी घेतलेला प्रत्येक शेअर सहा महिने धरून ठेवणारा एक काल्पनिक पोर्टफोलिओ बांधला. त्याचा अतिरिक्त परतावा, म्हणजे तुलनेच्या मापापेक्षा जास्त मिळालेला परतावा, वर्षाला सहा टक्क्यांहून अधिक निघाला. विक्रीच्या पोर्टफोलिओत मात्र लक्षणीय असे काही आढळले नाही. हा सहा टक्क्यांचा आकडा पुढे सर्वत्र पसरला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तितकी पसरली नाही: त्या अतिरिक्त परताव्याचा सुमारे पाव भाग पहिल्या पाच दिवसांत आणि सुमारे अर्धा भाग पहिल्या महिन्यात येतो, आणि ही मोजणी व्यवहाराच्या तारखेपासूनची आहे.

आता त्या काळचा नियम पाहा. ऑगस्ट २००२ पर्यंत फॉर्म ४ पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत दाखल केला तरी चालत असे. म्हणजे २ मार्चला केलेली खरेदी १० एप्रिलला जाहीर झाली तरी ती वेळेत होती. अर्धा फायदा पहिल्या महिन्यात येऊन जात असेल, तर त्रयस्थाला बातमी कळेपर्यंत ताटातला अर्धा घास दुसऱ्याच्या पोटात गेलेला असे. शिवाय अर्ज कागदी होते. कमिशनच्या कचेरीत ते पोहोचले म्हणजे सर्वांना दिसले, असेही नव्हते. सदर अभ्यासाचे लेखक इनसायडरांची कमाई मोजत होते आणि त्यांनी तसे स्वच्छ म्हटले आहे. त्रयस्थाच्या कमाईचा दावा त्यांच्या आकड्यावर इतरांनी चढवला.

कंपन्यांच्या हिशेबांवर कडक नियम आणणाऱ्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर, ऑगस्ट २००२ अखेरपासून, ही मुदत दोन कामकाजी दिवसांवर आली, आणि ३० जून २००३ पासून अर्ज इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखल करणे सक्तीचे झाले. यामुळे त्रयस्थ आणि इनसायडर यांच्यातले अंतर कमी झाले. पण ज्यांना हे अर्ज क्षणार्धात यंत्राने वाचता येतात, अशा इतर त्रयस्थांशी स्पर्धाही वाढली. आमचा डेटा २००६ पासूनचा असल्यामुळे तो पूर्णपणे नव्या राजवटीतला आहे, आणि जुन्या अभ्यासांतील आकड्यांशी त्याची थेट तुलना करता येणार नाही.

निर्णय असा: मोजणी व्यवहाराच्या तारखेपासून करायची नाही. अर्ज बाजार बंद झाल्यावरही दाखल होतात, त्यामुळे दाखल झाल्याच्या दिवसाचा बंद भावही धरायचा नाही. दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या कामकाजी दिवसाच्या बंद भावाला शेअर घेतला असे मानायचे. व्यवहाराच्या तारखेपासूनचा परतावा शेजारच्या स्तंभात ठेवू, म्हणजे वाटेत किती गळती झाली ते दिसेल.

१९ फेब्रुवारी २०२५

किमतींच्या डेटामध्ये बाजारातून काढून टाकलेले शेअर असलेच पाहिजेत. संकटातल्या कंपनीचे संचालक पुष्कळदा शेवटपर्यंत खरेदी करत असतात, आणि अशी कंपनी बुडून यादीतून गेली की आजच्या यादीवर आधारलेला डेटा तिला विसरून जातो. मग वाचलेल्या कंपन्यांचेच यश दिसते. शमवे यांनी १९९७ मध्ये दाखवले की वाईट कामगिरीमुळे काढल्या गेलेल्या शेअरचा शेवटचा परतावा डेटामध्ये अनेकदा नोंदलेलाच नसतो. न्यूयॉर्क एक्स्चेंजच्या बाबतीत त्यांनी सुचवलेला उणे ३० टक्क्यांचा आकडा आणि नॅसडॅकसाठी नंतरच्या संशोधनात आलेला उणे ५५ टक्क्यांचा आकडा, जिथे नोंद नाही तिथे वापरणार आहोत.

४ मार्च २०२५

तुलना कशाशी करायची, यावर दोन बैठका झाल्या. इनसायडर सहसा पडलेल्या भावात घेतात, आणि ते घेतात त्या कंपन्या सरासरीने लहान आणि पुस्तकी मूल्याच्या (हिशेबातली मालमत्ता वजा देणी) मानाने स्वस्त असतात. लहान आणि स्वस्त शेअरनी दीर्घकाळात बाजारापेक्षा अधिक परतावा दिल्याचे फामा आणि फ्रेंच यांच्या कामातून सर्वज्ञात आहे. म्हणजे इनसायडरची खरेदी दिसली म्हणून शेअर वाढला, की तो लहान आणि स्वस्त होता म्हणून वाढला, हे वेगळे केल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. लाकोनिशॉक आणि ली यांनी २००१ च्या अभ्यासात हे स्पष्ट केले आहे: जोरदार खरेदी झालेल्या कंपन्या जोरदार विक्री झालेल्या कंपन्यांपेक्षा पुढच्या बारा महिन्यांत सुमारे ७.८ टक्क्यांनी सरस ठरल्या, पण आकार आणि पुस्तकी मूल्य यांचा परिणाम वजा केल्यावर हा फरक सुमारे ४.८ टक्क्यांवर आला. उरलेली भाकीत-क्षमताही मुख्यतः लहान कंपन्यांत आढळली, आणि ती खरेदीत होती, विक्रीत नव्हती. त्याआधी १९८८ मध्ये रोझेफ आणि झमान यांनी आकार व नफा-किंमत गुणोत्तर लक्षात घेतले आणि दोन टक्के व्यवहारखर्च धरला, तेव्हा त्रयस्थांचा फायदा बहुतांशी नाहीसा झाला होता.

माझ्या मते या विषयातले बरेचसे वाद या एका मुद्द्यापाशी मिटू शकतात. पण बाजाराच्या निर्देशांकाशी तुलना करून काढलेला आकडा मोठा आणि आकर्षक दिसतो, त्यामुळे तोच छापला जातो.

पद्धत म्हणून प्रत्येक महिन्याला त्या वेळी ‘जिवंत’ असलेल्या, म्हणजे ठरलेला कालावधी अजून न संपलेल्या, सर्व खरेद्यांचा एक पोर्टफोलिओ बांधायचा आणि त्याच्या मासिक परताव्यातून बाजार, आकार, स्वस्ताई आणि गती (अलीकडे वाढलेला शेअर वाढत राहण्याची प्रवृत्ती) या चार घटकांचा प्रभाव काढायचा. ही कॅलेंडर-काळ पद्धत जेफ्री जाफ यांच्या १९७४ च्या, नेमक्या इनसायडरांच्या व्यवहारांवरील अभ्यासातूनच पुढे आली. एकमेकांवर चढणारे सहा-सहा महिन्यांचे परतावे स्वतंत्र निरीक्षणे म्हणून मोजले, तर विश्वासार्हता खोटी वाढते. तो दोष या पद्धतीत टळतो.

१८ मार्च २०२५

सर्व खरेद्या सारख्या नसतात हे मान्य करून वर्गवारी केली. कोहेन, मॅलॉय आणि पोमोर्स्की यांनी २०१२ मध्ये मांडलेली विभागणी साधी आणि चांगली आहे. सलग तीन वर्षे त्याच महिन्यात व्यवहार करणारा इनसायडर ‘नेहमीचा’ मानायचा आणि उरलेले ‘संधी पाहून’ व्यवहार करणारे. वार्षिक बोनस मिळाला की दर फेब्रुवारीला शेअर घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या खरेदीतून काही शिकण्यासारखे नसते. त्यांच्या निष्कर्षानुसार संधी पाहून केलेल्या व्यवहारांवर आधारलेल्या पोर्टफोलिओला महिन्याला ८२ बेसिस पॉइंट (०.८२ टक्के) इतका अतिरिक्त परतावा मिळाला आणि नेहमीच्या व्यवहारांचा जवळपास शून्य. या विभागणीची किंमत अशी की मागच्या तीन वर्षांचा इतिहास नसलेले इनसायडर वर्गीकरणातच येत नाहीत. नवा मुख्याधिकारी रुजू होताच मोठी खरेदी करतो तेव्हा ती बाहेर राहते. अशांचा तिसरा गट केला.

पदानुसारही फरक सापडतो. वँग, शिन आणि फ्रान्सिस यांनी, तेही २०१२ मध्येच, वित्त विभागप्रमुखांच्या खरेदीनंतरचा परतावा मुख्याधिकाऱ्यांच्या खरेदीपेक्षा अधिक असल्याचे दाखवले. यात नवल वाटू नये. वित्तप्रमुख आकड्यांच्या अधिक जवळ असतो, आणि त्याच्या खरेदीकडे लोकांचे लक्षही कमी असते. मुख्याधिकाऱ्याला मात्र आपली खरेदी वाचली जाणार हे ठाऊक असते, त्यामुळे तिच्यात थोडा जाहीरनाम्याचा अंश येतो. म्हणून खरेदीची रक्कम त्या व्यक्तीच्या आधीच्या धारणेच्या मानाने किती आहे, हाही एक रकाना वाढवला.

२७ मार्च २०२५

विक्रीचा स्वतंत्र अभ्यास करायचा नाही असे ठरले. घर घेणे, कर भरणे, सारी संपत्ती एकाच शेअरमध्ये अडकू न देणे अशी विक्रीची कारणे अनेक असतात. त्यात नियम १०बी५-१ खाली आधीच आखून ठेवलेल्या योजनांचाही मोठा वाटा असतो. या योजना जाहीर करणारी चौकट अर्जावर १ एप्रिल २०२३ पासूनच आली, त्यामुळे आमच्या काळाच्या बहुतेक भागात त्या सहज वेगळ्या करता येत नाहीत.

९ एप्रिल २०२५

पहिले निकाल आले. दिशा साहित्यात आहे तशीच आहे. प्रत्येक खरेदीला समान भार दिला तर चार घटक वजा केल्यानंतरही अतिरिक्त परतावा उरतो. कंपनीच्या बाजारमूल्यानुसार भार दिला की त्यातला बहुतेक भाग गळतो. व्यवहाराच्या तारखेपासून मोजलेला स्तंभ दाखल तारखेच्या स्तंभापेक्षा सगळीकडे वर आहे. मोठ्या कंपन्यांच्या गटात काही सांगण्यासारखे नाही.

समभार पोर्टफोलिओविषयी सावध राहण्याचे आणखी एक कारण आहे. ज्या शेअरची उलाढाल कमी, त्याचा बंद भाव कधी खरेदीदाराच्या तर कधी विक्रेत्याच्या भावावर पडतो, आणि या उड्यांमुळे समभार सरासरी परतावा वर ढकलला जातो, हे ब्लूम आणि स्टँबॉ यांनी १९८३ मध्येच दाखवले होते. याहून थेट अडचण खर्चाची. एखाद्या लहान शेअरचा खरेदीदाराचा भाव ४.९० डॉलर आणि विक्रेत्याचा ५.१० डॉलर असेल, तर एकदा घेऊन विकण्यात, भाव जागचा हलला नाही तरी, जवळपास चार टक्के जातात. सहा महिने धरून ठेवायचे म्हटले तर हा फेरा वर्षातून दोनदा होतो, म्हणजे वर्षाला आठ टक्के. जिथे भाकीत-क्षमता सर्वाधिक दिसते तिथेच खर्चही सर्वाधिक आहे, आणि हा योगायोग नाही: खर्च कमी असता तर कोणीतरी तो फरक केव्हाच भरून काढला असता.

म्हणून यापुढे प्रत्येक निकाल खर्चापूर्वी आणि खर्चानंतर असा जोडीने लिहायचा, आणि खर्च त्या त्या शेअरच्या प्रत्यक्ष भावफरकावरून काढायचा. सर्वांना एकच टक्केवारी लावायची नाही.

२२ एप्रिल २०२५

मसुदा वाचणाऱ्या सहकाऱ्याने काही प्रसिद्ध उदाहरणे घालावीत असे सुचवले. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जेपी मॉर्गनचे प्रमुख जेमी डायमन यांनी आपल्या बँकेचे पाच लाख शेअर सुमारे ५३ डॉलरच्या भावाने घेतले. त्याच दिवशी बाजाराने तळ गाठला होता आणि पुढे शेअर चांगलाच वाढला. हे उदाहरण सर्वांना आठवते. त्याच्या शेजारी चेसापीक एनर्जीचे ऑब्री मॅक्लेंडन यांचे ठेवावे लागेल. ते आपल्या कंपनीचे शेअर वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणात, उसन्या पैशाने, घेत राहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये भाव कोसळल्यावर मार्जिन कॉल (कर्ज देणाऱ्याची अधिक तारणाची मागणी) आला आणि त्यांना जवळपास सर्व शेअर विकावे लागले. खरेदीमागचा विश्वास खरा होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण विश्वास आणि माहिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि फॉर्म ४ मध्ये त्या एकाच अक्षराने लिहिल्या जातात. दोन्ही उदाहरणे अहवालात एकत्र जातील, नाहीतर एकही नाही.

६ मे २०२५

एकेका शेअरऐवजी संपूर्ण बाजाराची खरेदी-विक्री एकत्र करून बाजाराचाच अंदाज घेता येतो का, हा उपप्रश्न तपासला. नेजात सेहुन यांनी ऑक्टोबर १९८७ च्या पडझडीनंतरच्या व्यवहारांत पाहिले की इनसायडरांनी जोरदार खरेदी केली, आणि जे शेअर सर्वाधिक पडले होते तेच त्यांनी अधिक घेतले. मार्च २०२० मध्येही असेच चित्र दिसले. पण असे प्रसंग इतके थोडे आहेत की त्यांच्यावरून सांख्यिकीय निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल; शिवाय मोठ्या पडझडीनंतर डोळे मिटून निर्देशांक घेणाऱ्यालाही या दोन्ही वेळी फायदाच झाला असता. इनसायडरांच्या खरेदीने त्यात काय भर घातली, हे दोन-चार घटनांवरून वेगळे काढता येत नाही. हा भाग अहवालातून वगळला.

१९ मे २०२५

अहवालाची अंतिम रचना ठरली. मुख्य कोष्टकात तीन गट राहतील: संधी पाहून केलेली खरेदी, नेहमीची खरेदी आणि इतिहास नसलेल्यांची खरेदी. प्रत्येक गटात दाखल तारखेनंतरच्या पहिल्या दिवसापासूनचा सहा महिन्यांचा परतावा, समभाराने आणि बाजारमूल्याच्या भाराने, खर्चापूर्वी आणि खर्चानंतर दिला जाईल. खर्चानंतर शून्यापासून वेगळा ओळखता येणारा आकडा लहान कंपन्यांतील संधी पाहून केलेल्या खरेदीपुरताच उरतो, आणि तोही त्या शेअरमध्ये रोज जेवढी उलाढाल होते तिच्या लहानशा अंशापुरतीच रक्कम गुंतवली तर. एका दिवसाच्या सरासरी उलाढालीच्या किती टक्क्यांपर्यंत हा आकडा टिकतो, याचा आलेख कोष्टकाखाली जाईल. रक्कम वाढवत नेली की वक्ररेषा लवकरच शून्याखाली जाते. शेवटच्या दोन वर्षांचा डेटा आतापर्यंत कोणत्याही निर्णयासाठी वापरलेला नाही. वरील सर्व नियम आजच्या तारखेला गोठवून त्यावर एकदाच चालवायचे आणि जे येईल ते तसेच त्या कोष्टकाच्या शेवटच्या स्तंभात लिहायचे आहे.